चित्रपट पुरस्कारांच्या परीक्षकांना खुले पत्र: तुमच्यातला मतभेद आम्हालाही वाचू द्या

प्रति,
मराठी चित्रपटांच्या पुरस्कारांसाठी नेमल्या जाणाऱ्या परीक्षक मंडळांचे आणि निवड समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली, लग्नानंतर दहिसरला आलेली आणि चार वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली एक प्रेक्षक आहे. चित्रपट व्यवसायाशी माझा कसलाही संबंध नाही. तिकीट काढून चित्रपट पाहायचा आणि नंतर घरी, गाडीत, जिन्यात उभे राहून त्यावर बोलायचे, एवढाच माझा अधिकार. पण तो मी पन्नास वर्षे मनापासून बजावला आहे आणि त्याच्याच बळावर हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात दादरला एका पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटाचा खेळ झाला आणि त्यानंतर परीक्षकांपैकी एका ज्येष्ठ सदस्यांशी प्रेक्षकांचा संवाद ठेवला होता. चित्रपट मला भावला नव्हता. पहिल्या अर्ध्या तासानंतर दिग्दर्शकाला आपल्या माणसांपेक्षा आपल्या चौकटींची काळजी जास्त आहे, असे मला सतत वाटत राहिले. मात्र माझ्या नजरेतून काही निसटले असेल हीही शंका होती. म्हणून मी उभी राहिले आणि विचारले, की इतर प्रवेशिकांशी तुलना करताना या चित्रपटातली कोणती गोष्ट मंडळाला निर्णायक वाटली. उत्तर मिळाले, “निर्णय एकमताने झालेला आहे,” आणि ध्वनिक्षेपक पुढच्या रांगेकडे गेला. माझ्या मागे बसलेले एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, पुरस्कार काही उगाच देत नाहीत.” मी खाली बसले. दादरहून दहिसरला येईपर्यंत मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. मात्र ‘एकमताने’ हा शब्द मनातून जाईना.

त्या चित्रपटाला पुरस्कार द्यायला नको होता, असे माझे म्हणणे नाही. पाच किंवा सात जाणती माणसे एका खोलीत बसून वीस-पंचवीस चित्रपट पाहतात, त्यांवर तासन् तास बोलतात, आणि त्या साऱ्या बोलण्यातून बाहेर काय येते, तर एक नाव आणि एक क्रियाविशेषण. जे बोलणे आम्हा प्रेक्षकांना सर्वांत उपयोगी पडले असते, तेच दाराआड राहते. माझी तक्रार एवढीच आहे.

चित्रपटाबद्दल घराघरात मते वेगळी असतात आणि ती वेगळी असण्याला कारणे असतात, हे मी आजीकडून शिकले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तो चित्रपट गिरगावातल्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोकप्रिय चित्रपट वेगळा आणि पुरस्काराचा चित्रपट वेगळा, असे आज जे सर्रास म्हटले जाते, त्याला आपल्याच शहरात गाजलेल्या या एका चित्रपटाने जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. पण मला सांगायचे आहे ते आजी-आजोबांच्या भांडणाबद्दल. आजोबांसाठी तो चित्रपट म्हणजे तुकोबांचे काम करणारे विष्णुपंत पागनीस; तुकोबा असेच दिसत असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आजी म्हणायची, चित्रपट आहे तुकोबांच्या बायकोचा, गौरी या नटीने उभ्या केलेल्या जिजाईचा. घरात दाणा नसताना पोरांना खाऊ घालायचे तिने, म्हशीची काळजी करायची तिने, आणि नवऱ्याबरोबर विठ्ठलालाही चार शब्द सुनवायचे तिनेच. आजोबा याला अश्रद्धा समजत. आजी समजे, की जिजाई नसती तर तुकोबांचे संतपण आपल्याला दिसलेच नसते. हा वाद दोघांनी चाळीस वर्षे घातला. लहानपणी चित्रपट पाहताना मी एकदा आजोबांच्या बाजूने आणि एकदा आजीच्या बाजूने पाहिला, आणि दोन्ही वेळा तो निराळा दिसला.

वडिलांच्या वेळी हेच ‘शोले’वरून झाले. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि पाच वर्षे तिथून हलला नाही. मला बरोबर घेऊन वडील तो पाहून आले होते, तरी त्यांचे मत ‘दीवार’च्या पारड्यात. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘दीवार’लाच मिळाला, ‘शोले’च्या वाट्याला फक्त संकलनाचा पुरस्कार आला, आणि तो एम. एस. शिंदे या मराठी संकलकाने मिळवला. पुढे २००५ साली त्याच पुरस्कारांच्या पन्नासाव्या सोहळ्यात पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘शोले’चा गौरव झाला. आधीचा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही, कारण ‘दीवार’ आजही मला अस्वस्थ करतो. पण १९७६ साली परीक्षकांना ‘शोले’त काय कमी वाटले होते आणि संकलनातच तेवढे काय दिसले होते, हे कुणी अर्ध्या पानावर लिहून ठेवले असते, तर तो कागद आज किती मोलाचा ठरला असता!

आता माझ्या स्वतःच्या दोन अनुभवांकडे येते, कारण मतभेदातून काय हाती लागते ते मला तिथेच कळले.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी त्याला व्हेनिसमध्ये दोन सन्मान मिळाले होते आणि राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारच्या खेळाला मी आणि माझी धाकटी बहीण गेलो. दोनशेच्या प्रेक्षागृहात आम्ही फार तर पंचवीस जण असू. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, माणसे दालनातून निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळोखा होतो. तो काळोख बराच वेळ राहतो. चित्रपट संपला असे समजून निम्मे लोक उठले, कुणी पिशवी खांद्याला लावली, एक जोडपे दारापर्यंत पोचले. आणि तेवढ्यात पडद्यावर भर उजेडात सहलीला निघालेले न्यायाधीश दिसले. उठलेली माणसे जिथल्या तिथे उभी राहिली. पुढचा प्रसंग त्यांनी उभ्यानेच पाहिला: बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश, त्यांना दचकवणारी मुले आणि एका पोराच्या गालावर बसलेली चपराक. एका माणसाच्या आयुष्याचा निकाल लांबणीवर टाकून निघून गेलेली व्यवस्था, आणि चित्रपट संपला म्हणून निघालेले आम्ही, या दोन गोष्टी माझ्या मनात त्या क्षणी एकमेकींना भिडल्या. मी आजही त्या चित्रपटाला मराठीतल्या थोर चित्रपटांत गणते.

बहिणीला तो मुळीच आवडला नाही, आणि तिचे कारण ऐकण्यासारखे होते. ती म्हणाली, “सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते, ही तर मीच आहे. पण कॅमेरा इतका लांब उभा आहे, की मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटलं. त्याला माझ्याबद्दल माया नाही.” मी तेव्हा तिच्याशी कडाडून भांडले. लांबून पाहिल्याशिवाय व्यवस्था दिसत नाही, असा माझा मुद्दा होता, आणि तो मी अजून सोडलेला नाही. पण काही महिन्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा बचावाच्या वकिलाच्या घरात आणि सरकारी वकीलबाईंच्या घरात चित्रपट कसा वावरतो, हे मी बहिणीच्या नजरेने तपासत होते. तिने आक्षेप घेतला नसता, तर माझे ते दुसऱ्यांदा पाहणे झालेच नसते. तुमच्या मंडळातही असा आक्षेप घेणारे कुणी असेलच. त्यांचे म्हणणे मात्र आमच्यापर्यंत कधी पोचत नाही.

दुसरा अनुभव ‘सैराट’चा. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात मी तो भाच्याबरोबर पाहिला. ‘झिंगाट’ सुरू झाले तशी पोरे खुर्च्या सोडून पडद्याखालच्या मोकळ्या जागेत नाचायला गेली, आणि तीच पोरे शेवटच्या प्रसंगात, पडद्यावरचा आवाज नाहीसा होऊन ते मूल रक्ताची पावले उमटवत बाहेर येते तेव्हा, मान खाली घालून बसली होती. खेळ संपल्यावर जिन्यात कुणीही बोलत नव्हते. माझे मत असे, की पूर्वार्ध गरजेपेक्षा लांब आणि गोंडस आहे. नागराज मंजुळे यांची खरी ताकद हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या संसारात दिसते, जिथे आर्ची ताठ मानेने गरिबी शिकते. भाचा म्हणाला, “मावशी, पूर्वार्ध तेवढा गोड नसता तर ती पोरं शेवटी खाली मान घालून बसली नसती.” याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षी आर्चीचे काम करणाऱ्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला. चित्रपटाच्या रचनेबद्दल परीक्षकांमध्ये आम्हा मावशी-भाच्यासारखा वाद झाला होता का, हे कळायला मला आजही आवडेल.

इथे एका गोष्टीबद्दल थोडे स्पष्ट बोलते. लोकांना आवडलेल्या चित्रपटासाठी पुरस्कारांत एक स्वतंत्र विभाग ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. हेतू चांगलाच असेल, पण त्यातून असा समज पक्का होतो, की सर्वोत्कृष्ट म्हणजे लोकांना न पेलणारे, आणि लोकप्रिय म्हणजे मायेने दिलेले उत्तेजनार्थ बक्षीस. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, आणि तो चित्रपट घरोघरच्या आयांनी पदराने डोळे टिपत पाहिला होता. त्यानंतर सर्वोत्कृष्टतेचा मान मराठी चित्रपटाकडे परत यायला २००४ साली ‘श्वास’ यावा लागला. नातवाची दृष्टी जाण्याआधी त्याला एक दिवस जग दाखवणारा तो आजोबाही लोकांनी आपला मानला. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ आले. यांतले काही चित्रपट गर्दीने पाहिले गेले, काही फार थोड्यांनी, आणि थोड्यांनी पाहिले याचे कारण कित्येकदा एवढेच असते, की असा चित्रपट दुपारी सव्वा वाजता एका पडद्यावर आठवडाभर लागतो आणि नोकरी करणाऱ्या माणसाला दिसतच नाही.

कारणे लिहिली तर टीका होईल, हे मला मान्य आहे. २०२४ साली तसे झाले. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले, मुंबईतल्या परिचारिकांची, आणि कागदपत्रांअभावी आपली खोली गमावून रत्नागिरीकडे परतणाऱ्या पार्वतीची ही गोष्ट. ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून मात्र ‘लापता लेडीज’ची निवड झाली. योगायोग असा, की आपल्या छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. निवडीसोबत जाहीर झालेल्या टिपणाची सुरुवातच भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचे अजब मिश्रण आहे, अशा अर्थाच्या वाक्याने झाली होती, आणि त्यावर खूप टीका झाली. मलाही ते वाक्य पटले नाही. तरीही ते टिपण लिहिले गेले हे मला बरे वाटले, कारण निवड कोणत्या नजरेने झाली ते त्यातून दिसले आणि आम्हाला त्या नजरेशी वाद घालता आला. लालबागची माझी एक मैत्रीण, जिची चाळ पुनर्विकासात गेली, ती पार्वतीने बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावला तेव्हा प्रेक्षागृहात मोठ्याने “हाण!” म्हणाली होती, पण ऑस्करला पाठवायचा तर ‘लापता लेडीज’च, कारण तो आपल्या गावच्या आईलाही कळेल, असे तिचेच मत होते. असा माणूस तुमच्या वर्गवारीत कुठे बसवणार?

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीचशी कर्जविभागात. कर्जाचा अर्ज नामंजूर करायचा तर कारण लिहावे लागे. मंजूर करायचा तर टिपण जोडावे लागे. आणि समितीत एखाद्या सदस्याची असहमती असेल, तर ती इतिवृत्तात नोंदवली जाई. बहुमताचा निर्णय त्यामुळे दुबळा झाला, असे मी कधी पाहिले नाही. उलट काही वर्षांनी एखादे खाते बुडीत निघाले की आम्ही ती असहमतीची नोंद शोधून काढून वाचत असू आणि पुढच्या अर्जाला ते शहाणपण वापरत असू. दुकानाच्या गाळ्यासाठी दिलेल्या दोन लाखांबाबत जी काळजी आम्ही घेत होतो, ती एखाद्या दिग्दर्शकाच्या चार-पाच वर्षांच्या कष्टांबाबत घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्येक विजेत्यासाठी एक-दोन ओळींचे प्रशस्तिवाक्य छापले जाते, हे मला ठाऊक आहे. पण दोन ओळींत ‘संवेदनशील हाताळणी’ यापलीकडे काय मावणार? मला हवे आहे ते निदान एक पान, मराठीत, सर्वोत्कृष्ट ठरलेल्या चित्रपटाबद्दल: त्याच्या तोडीस कोणता चित्रपट आला होता, चर्चा कशावर अडली, आणि शेवटी पारडे कशामुळे झुकले. आणि त्याच पानाखाली, मंडळात कुणाचे मत वेगळे असेल तर त्यांचे म्हणणे, त्यांच्याच शब्दांत. नाव नको असेल तर ‘एक सदस्य’ एवढे पुरे. निर्णय खरोखरच एकमताने झाला असेल, तर तसे लिहा. फक्त एकमत कोणत्या मुद्द्यावर झाले, तेही लिहा.

निर्णयाची पद्धतही सांगा. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०१० च्या सोहळ्यापासून पसंतिक्रमाने मतदान होते. सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मते मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात, आणि एखाद्या चित्रपटाला निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालते. त्यामुळे काहींना प्राणप्रिय आणि काहींना असह्य वाटणाऱ्या चित्रपटापेक्षा बहुतेकांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे येण्याची शक्यता वाढते. हे माहीत असले की निकाल कसा वाचायचा ते प्रेक्षकाला कळते. आपल्याकडे गुण देतात, हात वर करतात की अध्यक्षांचे मत निर्णायक धरतात, हे माझ्यासारख्या प्रेक्षकाला निकाल वाचून कळत नाही.

परदेशातले आणखी एक उदाहरण देते, कारण ते मला फार आवडते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मते घेऊन थोर चित्रपटांची यादी करते. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ १९५८ चा. पहिल्या दहांत यायला त्याला १९८२ साल उजाडले आणि पहिल्या क्रमांकावर यायला २०१२. दहा वर्षांनी ती जागा शांताल आकरमान यांच्या ‘जान डीलमन’ने घेतली, ज्यात एक विधवा तीन तासांहून जास्त वेळ घरकाम करताना दिसते. त्यावर जगभर वाद झाला. पण त्या वेळी मत देणाऱ्या सोळाशेहून अधिक जणांपैकी कुणी कोणते दहा चित्रपट निवडले, त्या याद्याही प्रसिद्ध झाल्या आहेत. ज्याला निकाल पटत नाही, तो आपल्या आवडीच्या समीक्षकाची यादी काढून बसू शकतो. मी तशी बसले होते, चांगले दोन आठवडे.

तुमच्या अडचणींची मला कल्पना आहे. दिवसाला तीन-चार चित्रपट पाहणे शरीराला सोपे नाही. चित्रपटसृष्टी लहान आहे, आज ज्याच्या विरोधात लिहिले त्याच्याबरोबर उद्या काम करायचे असते, आणि भिन्न मत छापले तर विजेत्याच्या आनंदावर विरजण पडेल, अशी भीतीही असणार. लहान चित्रपटसृष्टीच्या अडचणीला नाव न छापण्याचा उपाय आहे. विजेत्याच्या आनंदाबद्दल मात्र मला वेगळे वाटते. ज्या चित्रपटावर जाणत्या माणसांनी रात्री उशिरापर्यंत वाद घातला आणि तरीही जो निवडला गेला, त्याच्या दिग्दर्शकाला तो वाद वाचायला मिळणे हा सन्मानाचाच भाग आहे. हरलेल्या दिग्दर्शकाला तर आपला चित्रपट कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिला, याचा तेवढाच एक पुरावा मिळेल.

आणि निकालानंतर महिन्याभरात तो चित्रपट संध्याकाळच्या वेळी निदान लालबाग-परळ, दादर, मुलुंड आणि बोरिवली इथे दाखवला जावा, यासाठी आयोजकांकडे आग्रह धरावा. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल आम्ही फक्त पुरस्काराशी सहमत किंवा असहमत होऊ शकतो, आणि तसे मत बनवण्याची मला लाज वाटते.

यंदाच्या निकालापासून ही सुरुवात व्हावी, अशी माझी नम्र विनंती आहे. वेळ आणि माणसे कमी पडत असतील, तर चर्चेच्या नोंदी मराठीत नीट टंकून, शुद्धलेखन तपासून देण्याचे काम मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी विनामूल्य करायला तयार आहोत. तिघींनीही इतिवृत्ते लिहिण्यात नोकरी घालवली आहे, आणि नोंदींतली कोणतीही गोष्ट प्रसिद्ध होईपर्यंत बाहेर जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक प्रेक्षक
दहिसर, मुंबई